शिवराई होनाचा शोध

जुनी नाणी जमविणे हा श्रीमंतांचा फावल्या वेळचा छंद आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती पुरती खरी वाटत नाही. जुने नाणे बहुधा कोणा संग्राहकाच्या आधी एखाद्या मजुराच्याच हाताला लागते. म्हणून हा विषय कष्टकऱ्यांनीही समजून घेण्यासारखा आहे.

'होन' हा शब्द कानडी 'होन्नु' म्हणजे सोने यावरून आला. विजयनगरच्या राज्यात हे नाणे चांगले रुळले. तेथील होन वजनाने सुमारे 3.4 ग्रॅम भरे. पुढे दक्षिणेत अनेक राजांचे होन शेजारी शेजारी चालत राहिले. सभासदाच्या बखरीत रायगडच्या खजिन्याची यादी आहे, तीत देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई असे नाना तऱ्हेचे होन नोंदलेले आहेत. म्हणजे महाराजांच्या खजिन्यातही सोने होते ते पुष्कळसे दुसऱ्यांच्या नाण्यांचे!

6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. महाराजांची सुवर्णतुला सुमारे 16,000 होनांची झाली, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. सार्वभौम राजाने स्वतःचे नाणे पाडावयाचे असते. त्याप्रमाणे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी निघाली. दोन्हींवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे आहेत. फारसी अक्षरांच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

शिवराई होन करंगळीच्या नखाएवढा आणि वजनाने सुमारे पावणेतीन ग्रॅम. तांब्याच्या शिवराया आजही पुष्कळ मिळतात, कारण त्याच नावाचा पैसा पेशवाईअखेरपर्यंत आणि नंतरही काही काळ चालत राहिला. एखादा संग्राहक त्यांचे नाना प्रकार चिकाटीने गोळा करतो. पण होनाचे घर रिकामे राहते. खरे म्हणून मानले गेलेले होन फारच थोडे आहेत.

असे का झाले? सोन्याला स्मरणशक्ती नसते, हे त्याचे उत्तर. 1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. जिंकलेले सोने विजेत्याच्या टाकसाळीत आटावयाचे, ही त्या काळची रीत. उरले ते सोनाराच्या मुशीत गेले. तांब्याचा पैसा आटवून फारसे काही हाती येत नाही. सोन्याचे नाणे मात्र आटविले तरी किंमत राहते. जाते ती केवळ अक्षरे. आणि इतिहास असतो तो त्या अक्षरांत!

दुर्मिळ वस्तूच्या मागोमाग खोटी वस्तू येतेच. सोने तांब्याच्या दुपटीहून जड असते. म्हणून तांब्याला मुलामा दिलेला होन तराजूत व पाण्यात तोलला की उघडा पडतो. खऱ्या सोन्याचा खोटा होन ओळखणे अवघड. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे व बोथट अक्षरे दिसतात. जुने नाणे हातोड्याने ठशाखाली ठोकलेले असे. त्यामुळे काठाची अक्षरे वा ठिपके पुष्कळदा अर्धवटच उमटत. फार नेटके नाणे दिसले, तर सावध व्हावे.

आता मुख्य गोष्ट. असे नाणे पुढे कोठे मिळेल? पाया खणताना, विहीर उपसताना, नांगराच्या फाळाला. 1946 साली राजस्थानातील बयाना येथे गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांचा हंडा सापडला. काही नाणी आटली, पण 1,821 वाचली. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि चंद्रगुप्त दुसरा याचे आजवर न पाहिलेले 'चक्रविक्रम' नाणे जगापुढे आले. आटलेल्यांत काय होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

खणणारा मजूर भितो. सरकार सगळे नेईल, वर चौकशीही मागे लागेल, असे त्याला वाटते. मग तो रातोरात सोनाराकडे जातो आणि पडेल त्या भावाने मोकळा होतो. पण 1878 चा निखात निधी कायदा वेगळे सांगतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावयाचे. निधी बेवारस ठरला आणि आधी वेगळा करार झालेला नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडविणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारने तो ठेवून घेतला, तर धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश अधिक द्यावे लागते. लपविले, तर मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होते.

हा हक्क प्रत्येक बांधकामाच्या जागी मजुरांना वाचून दाखविला पाहिजे. नाणे चिंचेने घासू नये, हंडा फोडून वाटून घेऊ नये, जागा ध्यानात ठेवावी, एवढे त्याबरोबर सांगावे. संग्राहकाचे रिकामे घर भरो वा न भरो. पुढचा होन मुशीत जाण्याआधी वाचला जावा, आणि तो खणून काढणाऱ्याच्या पदरी त्याचा वाटा पडावा, एवढेच आमचे मागणे आहे.