तेल गळतं, पण दोष हवेचा

नॉर्टनची चौकट आणि ट्रायम्फचं इंजिन मिळून होते ती ट्रायटन. १९५० आणि ६०च्या दशकांत ब्रिटनमधल्या तरुणांनी घरामागच्या शेडमध्ये अशा कितीतरी गाड्या जुळवल्या. नॉर्टनची 'फेदरबेड' चौकट बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची. १९५०च्या आइल ऑफ मॅन टीटीमध्ये ती जिंकली आणि वळणावर गाडी कशी स्थिर राहावी याचं मापच बदललं. ट्रायम्फचं जुळं इंजिन हलकं, जोरकस आणि सहज मिळणारं. शिवाय ५०० सीसी फॉर्म्युला थ्री मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचं शर्यतीचं इंजिन हवं असे, पण कंपनी ते सुटं विकत नसे. मग ते अख्खी मोटारसायकल घेत आणि इंजिन तेवढं काढून घेत. उरलेल्या चौकटीत ट्रायम्फचं इंजिन बसू लागलं. १९६५ साली डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवर बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली.

म्हणजे या जोडीत मुळात खोट नाही. तरीही घरी जुळवलेल्या ट्रायटनखाली तेलाचं थारोळं दिसतं, मागचा टायर ओला होतो, आणि मालक पुन्हा गॅस्केट बदलायला बसतो. बहुतेक वेळा गॅस्केट निर्दोष असतं.

ट्रायम्फच्या ६५० सीसी इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. ते खाली आले की क्रँककेसमधली जागा ६४९ सीसीनं कमी होते, वर गेले की तेवढीच वाढते. क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाताच. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला १०० वेळा घडतं, म्हणजे सेकंदाला ६५ लिटर हवेची ढकलाढकल. पिस्टन रिंगांमधून निसटणारा ज्वलनाचा वायू त्यात वेगळाच. या हवेला नीट वाट मिळाली नाही, तर ती प्रत्येक सांध्यातून आणि सीलमधून स्वतःची वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. ज्या जुळ्या इंजिनात एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, तिथे हवा बरीचशी आतल्या आत सरकते. एका सिलिंडरच्या बुलेटला मात्र ही सवलत नाही. तिचे ३४६ सीसी दर फेरीला असेच आत-बाहेर होतात. अनेक जुन्या बुलेटवर ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला रबरी एकदिशा झडप असते. ती कडक झाली किंवा चिरली, की आपल्याकडेही गॅस्केटलाच शिव्या पडतात.

जुन्या ट्रायम्फमध्ये इनलेट कॅमशाफ्टच्या डाव्या टोकाला फिरणारी छिद्रांची चकती असे. पिस्टन खाली येताना ती वाट उघडी करी, वर जाताना बंद. कल्पना सुरेख, पण वाट अरुंद. कंपनीनं १९७०च्या मॉडेलपासून ती काढून टाकली. डाव्या मेन बेअरिंगमागचं सील वगळलं, क्रँककेसच्या भिंतीत तीन बारीक छिद्रं पाडली आणि हवा प्रायमरी चेनकेसमधून मागच्या जाड नळीनं बाहेर सोडली. चेनकेसची मोठी पोकळी तेल आणि हवा वेगळी करू लागली. या इंजिनाची मला सर्वांत पटलेली सुधारणा हीच.

इंजिन बदलणारे फसतात ते इथेच. १९७० नंतरचं इंजिन घेऊन त्यावर प्रायमरी चेनऐवजी कोरडा बेल्ट लावला, तर इंजिनाची श्वास घ्यायची खोलीच गेली. तेल थेट बेल्टवर येतं. अशा वेळी मेन बेअरिंगचं सील परत बसवावं लागतं, ती तीन छिद्रं बुजवावी लागतात आणि ब्रीदरला दुसरी, तेवढीच मोठी वाट द्यावी लागते. जुन्या इंजिनाचा घोटाळा वेगळा. त्याची ब्रीदरची नळी नव्या इंजिन प्लेट आणि चौकटीच्या मध्ये चेपली जाते आणि वरून काही दिसत नाही.

नळी जाड हवी, सतत चढती हवी. मध्ये झोळ पडला, तर तिथे पाणी आणि तेलाचा पिवळट लगदा साचून वाट बंद होते. एकदिशा झडप क्रँककेसच्या जितकी जवळ, तितकी ती चांगलं काम करते. लांब नळीच्या टोकाला लावली, तर नळीतली हवाच मागेपुढे होत राहते. चांगली झडप आत किंचित निर्वात ठेवते आणि सांधे आपोआप कोरडे होतात. नळीच्या शेवटी तेल झेलणारा डबा असलाच पाहिजे. मागच्या टायरवर तेल ही जिवाशी गाठ आहे.

पण झडप विकत घेण्याआधी परतीचं तेल तपासा, कारण ब्रीदरचा आणि तेलपंपाचा बिघाड बाहेरून सारखाच दिसतो. ट्रायम्फमध्ये तेलाची टाकी वेगळी असते. पंपाचा एक दट्ट्या इंजिनाला तेल पुरवतो, दुसरा जाडा दट्ट्या तळातलं तेल टाकीत परत पाठवतो. परतीचा दट्ट्या जास्त खेचत असल्यानं नळीतून तेलाबरोबर हवाही येते. त्याच्या गोळी-झडपेखाली कचरा अडकला, तर तेल तळातच साचतं, क्रँक ते घुसळते आणि ब्रीदरमधून ओकते. तिथे कितीही मोठा ब्रीदर लावला तरी उपयोग नाही. पुरवठ्याची गोळी गळत असेल, तर उभ्या गाडीत टाकीतलं तेल रात्रभरात खाली उतरतं. सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर निघतो तो त्याचाच. यावर पुरवठ्याच्या नळीत तोटी बसवायचा सल्ला मिळतो. तो मी देणार नाही. तोटी उघडायची एकदा राहिली, की इंजिन गेलं. पंप दुरुस्त करावा.

नव्या टाकीत आणखी एक गोष्ट सुटते. ट्रायम्फच्या रॉकरना तेल मिळतं ते परतीच्या नळीतून टाकीपाशी निघणाऱ्या फांदीतून. चौकटीसाठी घडवलेल्या देखण्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला ही फांदी ठेवली नाही, तर रॉकर कोरडे चालतात. परतीचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर उघडावं, वर फेसाला जागा ठेवावी, आणि टाकीलाही तिचा स्वतःचा श्वासमार्ग असावा. ब्रीदरची नळी टाकीतच सोडली असेल, तर तो मार्ग आणखी मोठा हवा.

तेव्हा इंजिन बदललेली गाडी गळू लागली, तर आधी टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू करा. परतीच्या नळीतून सुरुवातीला अखंड धार आणि मग हवेबरोबर तुटक फटकारे आले, तर पंप ठीक. मग गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करून लगेच तळाचा बोल्ट काढा आणि किती तेल निघतं ते पाहा. थोडंसं निघेलच. धो धो निघालं, तर पंपाकडे वळा. तळ ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजा, कारण झिजलेल्या रिंगांचा वायू कोणताही ब्रीदर पेलणार नाही. त्यानंतर ब्रीदरची नळी हातानं चाचपत शेवटपर्यंत जा. हे सगळं झाल्यावरही तेल आलं, तरच नवं गॅस्केट मागवा.