मॉडबस प्रणालीत ऊर्जामापकाची 'मास्टर' म्हणून योजना : एक विवेचन

प्रस्तावना

औद्योगिक विद्युत मंडलातील ऊर्जामापक हे सामान्यतः उत्तर देणारे उपकरण होय. संगणक किंवा पीएलसी प्रश्न विचारतो आणि मापक आपल्या रजिस्टरांतील आकडे पाठवितो. तथापि काही प्रगत मापकांत ही भूमिका उलटविण्याची सोय असते. 'आयन ७६५०' या मापकात संदेशवहनाच्या पोर्टला मॉडबस मास्टर म्हणून योजता येते. मग तो मापक शेजारच्या वीजमापकांकडून, तसेच मॉडबस जाणणाऱ्या पाणीमापक वा वायूमापकाकडूनही नोंदी गोळा करू शकतो. लहान उपकेंद्रात स्वतंत्र संगणक न ठेवता सर्व वाचने एकत्र आणण्याचा हा सुटसुटीत मार्ग आहे. तो अवलंबिताना कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकच मास्टर

मॉडबस प्रोटोकॉल मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी तयार केला. २०२० मध्ये मॉडबस संघटनेने मास्टर-स्लेव्ह ऐवजी क्लायंट-सर्व्हर ही परिभाषा स्वीकारली. मात्र मापकांच्या पुस्तिकांत जुनेच शब्द भेटत असल्याने येथेही तेच ठेवले आहेत. आरएस-४८५ च्या एका तारेवर मास्टर एकच असतो आणि स्लेव्हना १ ते २४७ पैकी वेगवेगळे क्रमांक द्यावे लागतात. मापकास मास्टर केल्यावर त्याच तारेवरून संगणकही प्रश्न विचारू लागला, तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळतात आणि सीआरसी तपासणीत बाद होतात. म्हणून संगणकासाठी मापकाचा दुसरा पोर्ट किंवा इथरनेट जोडणी राखून ठेवणे आवश्यक ठरते.

सर्व उपकरणांचा बॉड दर आणि पॅरिटी सारखी असावी, तारेच्या दोन्ही टोकांस सुमारे १२० ओहमचा रोध असावा, हे सर्वश्रुत आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

रजिस्टरांचा घोळ

खरी कसोटी लागते ती रजिस्टरांच्या नोंदणीत. मास्टरला प्रत्येक स्लेव्हचा क्रमांक, फंक्शन कोड (बहुधा ०३ किंवा ०४), पहिले रजिस्टर, रजिस्टरांची संख्या, आकड्याचा प्रकार आणि गुणक सांगावा लागतो. पुस्तिकेत ४०००१ असे छापलेले रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० या पत्त्याने जाते. काही मापक ही वजाबाकी स्वतः करतात, काही करीत नाहीत. एका घराची चूक झाली आणि तिन्ही फेजचे व्होल्टेज सलग रजिस्टरांत असले, तर एका फेजचे वाचन दुसऱ्या फेजच्या नावाखाली दिसते. आकडा विश्वासार्ह वाटत असल्याने ही चूक महिनोन् महिने लपून राहू शकते.

बत्तीस बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि त्यांचा क्रम निर्मात्यागणिक बदलतो. ७०,००० युनिटांची नोंद पहिल्या रजिस्टरात १ आणि दुसऱ्यात ४४६४ अशी असते. क्रम उलटा लावल्यास तीच २९,२५,५२,७०५ अशी वाचली जाते. असा आकडा निदान डोळ्यांत भरतो. परंतु २३० व्होल्टची फ्लोट नोंद उलट क्रमाने वाचल्यास जवळजवळ शून्य येते, आणि फेज गेला की काय, अशी नाहक शंका निर्माण होते.

वेळेचा हिशेब

९६०० बॉडवर, वर्णागणिक ११ बिट धरता, २० रजिस्टरे वाचण्यास प्रश्नाचे ८ आणि उत्तराचे ४५ मिळून ५३ वर्ण लागतात. म्हणजे तारेवरील वेळ सुमारे ६१ मिलिसेकंद. त्यात संदेशांमधील साडेतीन वर्णांची शांतता आणि स्लेव्हचा विलंब मिळवून दर मापकास ०.१ सेकंद धरल्यास दहा मापकांची फेरी एका सेकंदात पुरी होते. आता त्यांपैकी एक मापक बंद पडला, प्रतीक्षेची मर्यादा १ सेकंद असली आणि तीन वेळा प्रयत्न होत असले, तर तीच फेरी जवळजवळ चार सेकंदांची होते. ऊर्जेच्या संचित नोंदीस याने बाधा येत नाही, कारण बेरीज मूळ मापकच करीत असतो. पण क्षणिक शक्तीची वाचने घेऊन मास्टर स्वतः बेरीज करीत असल्यास हिशेब बिघडतो. म्हणून शक्यतो संचित नोंदच वाचावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शिळे वाचन

उत्तर न आल्यास मास्टर काय दाखवितो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अनेक रचनांत शेवटचा आकडा तसाच राहतो. पडद्यावर वाचन दिसते, आलेखही सरळ रेषेत पुढे जातो, आणि त्या इमारतीचा वापर शून्य झाला, असा निष्कर्ष लेखापरीक्षणात शिरतो. संदेशवहन तुटल्याची खूण दाखविणारे रजिस्टर उपलब्ध असल्यास तेही वाचनासोबत नोंदवावे. रचना पूर्ण झाल्यावर प्रत्येक मापकाच्या पडद्यावरील आकडा मास्टरमधील आकड्याशी ताडून पाहावा, आणि त्यानंतर एकेका स्लेव्हची तार मुद्दाम काढून मास्टरमध्ये काय बदलते, ते नोंदवून ठेवावे.