अण्णांची फियाट : सीट बदलून विकावी की आहे तशी?

सांगलीतील एका जुन्या हळदीच्या पेढीमागे गोदाम आहे. त्या गोदामाच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट उभी होती. तिचे मालक, घरात आणि बाजारात ज्यांना सर्वजण अण्णा म्हणत, ते दोन वर्षांपूर्वी निवर्तले. आई त्याआधीच गेली होती. मागे राहिले तिघे मुलगे आणि सर्वांत थोरली कन्या, म्हणजे इचलकरंजीस दिलेल्या आक्का. गोदामाची जागा पेढीस हवी होती आणि गाडी विकून टाकावी याविषयी चौघांचेही एकमत होते. मतभेद निघाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी : विकण्यापूर्वी गाडीचा अंतर्भाग नवा करावा की करू नये?

गाडीची बाह्य अवस्था बरी होती. रंग विटलेला, पण पत्रा शाबूत; १०८९ सीसीचे इंजिन थोड्या आर्जवाने का होईना, सुरू होत होते. आत मात्र काळाने हात मारला होता. पुढची सीट बाकासारखी अखंड. तिच्यावरील रेक्झिन चालकाच्या बाजूस वीतभर फाटले होते आणि स्प्रिंगचे टोक बोचू लागले होते. अण्णा त्यावर टॉवेल अंथरून बसत. मागच्या सीटची शिवण उसवलेली, छताचे अस्तर लोंबकळलेले, दारांच्या आतील पुठ्ठे खालून पाणी पिऊन फुगलेले. कापडचोपडाचा हा प्रकार सोडला तर बाकी सर्व जागच्या जागी होते : स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर, काचा वरखाली करण्याची हँडले, डॅशबोर्डवरील बटणे, सारे काही मूळचे.

थोरले बंधू, म्हणजे दादा, यांचे मत स्वच्छ होते. अण्णांची गाडी फाटक्या सीटसह कोणाच्या हवाली करणे त्यांना अप्रशस्त वाटत होते. त्यांनी एका कुशनवाल्याकडून अंदाजपत्रकही आणले होते. दोन्ही सीटचे भरण आणि रेक्झिन, छताचे अस्तर, दारांचे पुठ्ठे, खालचे मॅटिंग असे मिळून पासष्ट हजार रुपये. धाकट्या बंधूंनी तो कागद पाहून एकच प्रश्न विचारला, "दादा, तुम्ही पासष्ट हजार घालणार, ते गिऱ्हाईक परत देणार आहे काय?"

प्रश्न कठोर वाटला तरी रास्त होता. ही गाडी सामान्य वस्तू नव्हती, हेही तितकेच खरे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या आणि नंतर इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ११०० डिलाइट हे रूप १९६४च्या सुमारास आले आणि पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी व टॅक्सीतळांवर परिचित झाली. १९७१ साली अशी गाडी मिळवायची तर आगाऊ नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सांगलीसारख्या गावात ती दारात उभी राहणे म्हणजे पेढीची पत उभी राहणे. दादांच्या आग्रहामागे हा सारा काळ होता. तो अंदाजपत्रकात मांडता येत नव्हता इतकेच.

धाकट्यांनी वाद घालण्याऐवजी व्यापाऱ्याला साजेल असे केले. जुन्या गाड्यांची आवड असणाऱ्या तिघा गृहस्थांना त्यांनी गाडी दाखविली आणि प्रत्येकाकडून दोन भाव घेतले : आहे तशी घेतल्यास किती, आणि आतून संपूर्ण नवी करून दिल्यास किती. पहिल्याने पंचवीस हजार जास्त देऊ केले, दुसऱ्याने चाळीस हजार. तिसरे कोल्हापूरचे, त्यांनी एक पैसाही जास्त देण्याचे नाकारले. "तुम्ही नवे रेक्झिन घातलेत, तर मला ते उसवून आत काय आहे ते पाहावे लागेल," असे ते म्हणाले. म्हणजे पासष्ट हजार घालून अधिकात अधिक चाळीस हजार परत येणार होते, आणि ते येईपर्यंत गाडी कुशनवाल्याकडे दोन-तीन महिने अडकून पडणार होती. गोदामाची जागा तोवर मोकळी होणार नव्हती, हे वेगळेच.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. घर विकताना रंगकाम केले की भाव चढतो, हा अनुभव अनेकांचा आहे; तोच न्याय जुन्या मोटारीस लावावा असे सहज वाटते. परंतु रोजच्या वापराची गाडी घेणारा आणि पन्नास वर्षांची गाडी घेणारा ही दोन निराळी गिऱ्हाइके होत. दुसऱ्याला गाडीचे मूळपण हवे असते. रेक्झिनचा पोत, त्यावरील उभ्या पट्ट्यांची रुंदी, कडेच्या गोटाचा रंग या गोष्टी तो न्याहाळून पाहतो. विक्रेत्याने घाईने, हाताशी असलेल्या मालातून केलेले काम त्याच्या दृष्टीने बहुधा चुकीचेच असते आणि ते काढून टाकण्याचा खर्च तो मनातल्या मनात भावातून वळता करतो. शिवाय काम त्याला स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्या कारागिराकडून करून घ्यायचे असते; पुष्कळांचा तर खरा आनंद त्यातच असतो. अमेरिकेतील पेबल बीच येथे भरणाऱ्या प्रसिद्ध मोटार-स्पर्धेत नव्याने सजविलेल्या गाड्यांबरोबरच हात न लागलेल्या, मूळ स्थितीतील गाड्यांसाठीही स्वतंत्र वर्ग असतो. तेथील गाड्यांचे मोल आणि फियाटचे मोल यांची तुलनाच नको. पण पारखणाऱ्याची दृष्टी तीच.

आणखी एक बाब व्यवहाराची. सीट शिवण्याची मजुरी गाडीची किंमत पाहून ठरत नाही. कोट्यवधींच्या गाडीत पासष्ट हजारांचे काम किरकोळ ठरते. अडीच लाखांच्या फियाटमध्ये ते चौथ्या हिश्शाहून अधिक होते. म्हणूनच मध्यम किमतीच्या जुन्या गाड्यांत विक्रीपूर्वीची सजावट सहसा तोट्यात जाते.

अर्थात याला अपवाद आहेत. सीट मुळात नाहीशीच झाली असेल, उंदरांनी भरण पोखरून आत दुर्गंधी राहिली असेल, किंवा मधल्या कोणा मालकाने हौसेने आधुनिक बादलीवजा सीट, चमकदार चौकटींची शिलाई आणि मोठाले स्पीकर बसविले असतील, तर मूळ घाटाकडे परत नेणारे काम केल्याने गिऱ्हाईक निदान दारात थांबते. तसेच गाडी कुटुंबातच ठेवायची असेल तर प्रश्नच निराळा. तेथे खर्च हा खर्च म्हणूनच करावा, परताव्याची भाषा बोलू नये.

सांगलीच्या या घरात मात्र गाडी जायचीच होती. तरीही दादा मागे हटेनात. पासष्ट हजार आपण एकट्याने घालू, असे ते म्हणाले. यावर इतके दिवस ऐकत राहिलेल्या आक्का बोलल्या. "तू पैसे घालशील रे, पण ते आधी विक्रीतून वळते करणार की तुझ्या पदरचे समजणार? उद्या भाव कमी आला, तर तो कमीपणा कोणाच्या वाट्याला? आज लिहून ठेवा, नाहीतर करू नका."

आक्कांचा मुद्दा सीटहून मोठा होता. अण्णांनी मृत्युपत्र केले नव्हते. जैन कुटुंबांनाही हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे आणि त्यानुसार मुलगे व कन्या यांचा हिस्सा समान. म्हणजे गाडी चौघांची होती, आणि चौघांच्या वस्तूवर एकाने स्वेच्छेने केलेला खर्च हा पुढे हमखास कटुतेचे बीज होतो. पासष्ट हजारांपायी भावंडांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे कोणत्याही बाजारपेठेत शोधावी लागत नाहीत. त्या संध्याकाळी दादा काहीसे दुखावून उठले. पण अंदाजपत्रक त्यांनी फाडले नाही, खिशात ठेवले.

मधल्या काळात कोल्हापुरातील दुसऱ्या एका कुशनवाल्याने नवीच वाट दाखविली : अस्सल लेदर घाला, मुंबईचे गिऱ्हाईक त्यालाच भुलते. या घरात ती सूचना दुसऱ्यांदा उच्चारली जाणे शक्य नव्हते. परंतु धर्माचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी व्यवहारातही ती चुकीचीच होती. या गाडीत मुळी कातडे कधी नव्हतेच. रेक्झिनच्या सीटवर ती कुर्ल्यातून बाहेर पडली होती.

गाठ सुटली ती अंदाजपत्रकाने नव्हे, तर मेस्त्रींच्या पान्याने. सीट केवळ साफ करून घेऊ, असे ठरवून पुढची व मागची सीट बाहेर काढली आणि मॅटिंग उचलले, तेव्हा चालकाशेजारच्या बाजूस तळाचा पत्रा तळहाताएवढ्या जागी गंजून चाळणीसारखा झालेला आढळला. पावसाचे पाणी दाराखालून येऊन वर्षानुवर्षे तेथे मुरत राहिले होते. दादा बराच वेळ वाकून पाहत राहिले. नवे मॅटिंग चिकटवून गाडी विकली असती, तर हा गंज नकळत झाकला गेला असता आणि गिऱ्हाइकाला तो मुद्दाम लपविलाच वाटला असता. हळदीच्या सौद्यात पोत्याच्या तळाचा माल वर काढून दाखविणाऱ्या पेढीला हे परवडणारे नव्हते. "मॅटिंग नको," दादा म्हणाले, "फोटो काढा."

त्यानंतर काम भराभर झाले. सीट उन्हात वाळविल्या, मऊ साबणाने पुसल्या; उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून पुन्हा घातली. बोचणारी स्प्रिंग बांधून फाटक्या जागेखाली आतून कापड लावले, जेणेकरून भेग पुढे वाढू नये. लोंबकळणारे अस्तर काढून फेकण्याऐवजी टाके घालून वर धरले. सीटखाली दुमडलेल्या कडेचे रेक्झिन उन्हापासून वाचलेले होते. तेथे मूळचा गर्द तांबडा रंग दिसला, वर जो आता विटकरी झाला आहे. तो भाग तसाच राखला, कारण पुढे कोणी नवे काम करील तेव्हा रंगाचा तोच खरा नमुना. उरलेला पैसा बॅटरी, ब्रेकचे रबर आणि कार्ब्युरेटरची सफाई यांवर गेला, कारण सुरू होणारी, थांबणारी गाडी आणि ढकलावी लागणारी गाडी यांच्या भावात सीटहून कितीतरी अधिक अंतर पडते. एकूण खर्च नऊ हजार चारशे. तो चौघांच्या संमतीने, सामाईक म्हणून लिहिला गेला.

कागदपत्रांकडे बहुतेक घरांत शेवटी लक्ष जाते. येथे ते वेळेवर गेले. नोंदणी अण्णांच्या नावावर असल्याने प्रथम ३१ क्रमांकाच्या अर्जाने ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागली. इतर वारसांचे संमतीपत्र जोडून दादांचे नाव लागले, आणि मगच २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांनी ती खरेदीदाराकडे जाऊ शकली. २०२१ साली केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेले व मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते; शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मूळ रूप मोडले असे मानण्यासाठी नियमाचा रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांवर आहे, सीटवर नाही. मात्र अशी नोंद घेतल्यावर गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणून ही निवड खरेदीदारावर सोडणे शहाणपणाचे ठरले.

प्राप्तिकराचा प्रश्न धाकट्यांनी आधीच पाहिला होता. स्वतःच्या वापरातील मोटार ही वैयक्तिक वस्तू मानली जाते आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी पेढीच्या वहीत असती, तिच्यावर वर्षानुवर्षे घसारा घेतला असता, तर गणित वेगळे झाले असते. अनेक व्यापारी कुटुंबांत जुन्या गाड्या फर्मच्या नावावर असतात. त्यांनी सौदा करण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालांना विचारलेले बरे.

गाडी अखेर कोल्हापूरच्या त्याच गृहस्थांनी घेतली. गंजलेल्या पत्र्याचे फोटो आणि कुशनवाल्याचे पासष्ट हजारांचे अंदाजपत्रक, जे दादांनी खिशात जपून ठेवले होते, ती दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पत्र्यासाठी थोडी घासाघीस केली, सीटसाठी केली नाही. सौदा दोन लाख पंचावन्न हजारांवर ठरला. खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्यास एकसष्ट हजार चारशे आले. आक्कांचा धनादेश दादांनी स्वतः इचलकरंजीस नेऊन दिला.

नव्या मालकांनी तळाचा पत्रा लगेच बदलून घेतला. सीटचे काम त्यांनी अद्याप केलेले नाही. मूळ पोताचे रेक्झिन मिळेपर्यंत थांबणार म्हणतात. तोवर फाटलेल्या जागेवर ते टॉवेल अंथरून बसतात. हे कळल्यावर दादांनी एवढेच विचारले, की टॉवेल कोणत्या रंगाचा.