चिठ्ठी नसेल, तर फाइल परत!

क्लाउडवर चढणारी प्रत्येक फाइल कुलूपबंद असली पाहिजे, हा नियम नुसता सांगून पाळला जात नाही. घाईच्या दिवशी कुणीतरी विसरतोच. म्हणून ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेत हे काम दारावरच्या पहारेकऱ्याकडे देता येतं. त्याचं नाव बकेट पॉलिसी (बकेट म्हणजे एस-थ्रीतला फाइली ठेवायचा कप्पा), आणि त्याच्या सवयी मोठ्या मजेशीर आहेत.

पहिली सवय म्हणजे तो फाइल उघडून बघतच नाही! अपलोडच्या विनंतीबरोबर हेडर येतात. पाकिटाला डकवलेल्या चिठ्ठ्याच म्हणा. ‘ही फाइल अमुक पद्धतीने एन्क्रिप्ट करा’ असं सांगणारी चिठ्ठी तो शोधतो. चिठ्ठी नसेल किंवा तिच्यावरचा मजकूर हवा तसा नसेल, तर ४०३ क्रमांकाची एरर देऊन फाइल परत.

त्याचा नकारही पक्का. ‘अलाउ’ म्हणणाऱ्या कितीही परवानग्या खिशात असू द्या, एक ‘डिनाय’ त्या सगळ्यांवर भारी पडतो. नियम सर्वांसाठी लिहिला असेल, तर ॲडमिनची फाइलही अडते. ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

हा सगळा हुकूमनामा जास्तीत जास्त २० केबीत बसवावा लागतो. त्याच्या माथ्यावर बहुधा २०१२-१०-१७ ही तारीख असते. ती पॉलिसी लिहिल्याची तारीख नव्हे, पॉलिसीच्या भाषेची आवृत्ती आहे! नवशिके तिथे आजची तारीख घालतात आणि पॉलिसी स्वीकारलीच जात नाही.

एस-थ्री सुरू झालं १४ मार्च २००६ ला. सर्व्हरवरच एन्क्रिप्ट करून ठेवण्याची सोय मात्र आली २०११ मध्ये. तोवर कुलूप घरूनच लावून फाइल पाठवावी लागे. ५ जानेवारी २०२३ पासून चित्र पालटलं. नवी येणारी प्रत्येक फाइल आपोआप, फुकटात एईएस-२५६ ने एन्क्रिप्ट होऊ लागली.

मग आता पहारेकरी कशाला? खरी गंमत इथेच आहे. या आपोआपच्या कुलपाची किल्ली एस-थ्री स्वतः सांभाळतं. फाइल वाचायची परवानगी असलेल्या कुणालाही ते कुलूप निमूटपणे उघडून देतं. केएमएस या किल्ली-सेवेतली किल्ली वापरली, तर फाइलची परवानगी वेगळी आणि किल्लीची वेगळी. चुकून बकेट जगजाहीर झाली, तरी अनोळखी माणसाला केएमएसची फाइल उघडत नाही. शिवाय किल्ली कोणी, कधी वापरली याची नोंद राहते. संवेदनशील माहिती असेल, तर पॉलिसीने केएमएसचाच आग्रह धरावा, असं माझं ठाम मत आहे.

पण इथे भलेभले फसतात. बकेटला केएमएसचं डीफॉल्ट लावलं, म्हणजे चिठ्ठीविना आलेली फाइलही आत येईल असं वाटतं ना? नाही! पॉलिसी आधी तपासली जाते, डीफॉल्ट नंतर लागतं. आणि ‘स्ट्रिंग-नॉट-इक्वल्स’ (म्हणजे ‘मजकूर जुळत नसेल तर’) ही अट चिठ्ठीच नसली तरी खरी ठरते. म्हणजे जी फाइल आत आल्यावर नीट कुलूपबंद झालीच असती, ती दारातूनच परत. डीफॉल्टवर विसंबायचं असेल, तर त्याच अटीला ‘नल’ची ‘फॉल्स’ अट जोडा. मग चिठ्ठी आणलेली असून चुकीची असेल, तरच नकार मिळतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘केएमएस’ लिहून किल्लीचा पत्ता दिला नाही, तर एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, तयार किल्ली लागते. तिचे नियम आपल्याला बदलता येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या खात्यातल्या सहकाऱ्याला फाइल उघडता येत नाही. नेमकी किल्ली सक्तीची करणारी अटही पॉलिसीत घालता येते. किल्ली मात्र बकेटच्याच रीजनमधली, म्हणजे भौगोलिक विभागातली, हवी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई रीजनमधल्या बकेटला मुंबईचीच किल्ली!

एन्क्रिप्शनच शस्त्र बनलं, असंही घडलंय. एका पद्धतीत किल्ली ग्राहक स्वतः देतो आणि एस-थ्री ती साठवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उजेडात आलेल्या हल्ल्यांत चोरांनी पळवलेल्या क्रेडेन्शियल्सच्या जोरावर लोकांच्या फाइली आपल्या किल्लीने बंद केल्या आणि खंडणी मागितली. त्या किल्लीविना फाइल उघडण्याचा मार्ग ॲमेझॉनकडेही नसतो. तुम्हाला ही पद्धत लागत नसेल, तर तिची चिठ्ठी आणणाऱ्यालाही पॉलिसीतून सरळ ‘डिनाय’ म्हणा.

आणि हो, या नियमाने पहारेकरी फक्त आत येणाऱ्याला अडवतो. आधीपासून आत बसलेल्याला हात लावत नाही. २०२३ च्या त्या बदलानेही जुन्या फाइलींना कुलूप लागलेलं नाही. एस-थ्री इन्व्हेंटरीचा अहवाल काढला, की कोणती फाइल उघडी पडली आहे ते कळतं. तुमची बकेट त्याआधीची असेल, तर हा अहवाल या आठवड्यातच काढा.