शालेय फुटबॉल आणि समान संधी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर पोहोचले. जुन्या गावातील अरुंद बोळ आणि माळवदाची दगडमातीची घरे जमीनदोस्त झाली. पुढे रुंद रस्त्यांचे, आखीव भूखंडांचे नवे किल्लारी वसले. त्या पहाटेनंतर जन्मलेली पिढी आज संसाराला लागली असून तिची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. या मुलांना शिक्षणाइतकीच क्रीडांगणावरही समान संधी मिळते काय, हा प्रश्न किल्लारीप्रमाणेच राज्यातील प्रत्येक गावापुढे आहे.

शालेय क्रीडा स्पर्धांची शिडी खेळाप्रमाणे तालुका किंवा जिल्हा पातळीपासून सुरू होते. किल्लारीतील एखाद्या शाळेचा फुटबॉल संघ औसा तालुक्यातील व लातूर शहरातील संघांशी खेळून पुढे सरकला, तर विभागीय स्पर्धेत नांदेडसारख्या शेजारच्या जिल्ह्यातील विजेत्यांशी त्याची गाठ पडते. त्यानंतर राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा येते. भारतीय वायुदलाच्या पुढाकाराने १९६० पासून भरणारी सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा ही शालेय फुटबॉलमधील मानाची स्पर्धा होय.

या शिडीच्या प्रत्येक पायरीला व्यावहारिक मोल आहे. विहित पातळीपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंना दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, त्याचे मूळ याच लाभांत आहे. सामन्यात अन्याय झाला तर त्याची झळ खेळाडूला पुढे नोकरीच्या उंबरठ्यापर्यंत लागू शकते.

वयाची नोंद

शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत घेतल्या जातात. तेरा ते सोळा या वयात मुलांची उंची, वजन व ताकद झपाट्याने वाढते. या काळात दोन वर्षांचा फरक म्हणजे जवळजवळ मूल आणि प्रौढ यांतील फरक. धक्काबुक्की अटळ असलेल्या फुटबॉलमध्ये अधिक वयाचा खेळाडू लहान गटात उतरला, तर निकालाबरोबर लहान मुलांची हाडेही धोक्यात येतात. कुस्तीत वजनगट पाळले जातात, त्यामागील विचार हाच आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या या जिल्ह्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात मागील पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून अशी आढळते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे वर्ष धरून शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहिली, हे त्याचे कारण. त्यात लबाडी नव्हती. ती एक सोय होती. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यानंतर परिस्थिती हळूहळू पालटली. आता जन्माचा दाखला सहज मिळत असल्यामुळे अंदाजाला कारण उरलेले नाही. तरीही स्पर्धेसाठी मुलाचे वय कमी दाखविण्याचा मोह काही ठिकाणी होतो. अशा मुलाची खोटी तारीख पुढे प्रत्येक दाखल्यावर उतरते आणि शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करणे अत्यंत कठीण होते. फसवणुकीचा पहिला बळी तो मुलगाच ठरतो.

मनगटाची साक्ष

कागदावर शंका आली तर वैद्यकीय तपासणीचा आधार घेता येतो. मनगटाजवळील हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वाढ पूर्ण होत आली म्हणजे ही कूर्चा हाडाशी एकजीव होते. सतराव्या वर्षापूर्वी ती पूर्णपणे जुळलेली सहसा आढळत नाही. या तत्त्वावर फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. २०१७ मध्ये हीच स्पर्धा भारतात झाली आणि तिचे काही सामने नवी मुंबईत खेळले गेले. वयचोरीविरुद्ध केंद्र शासनाची २०१० ची राष्ट्रीय संहिताही आहे.

तथापि, हाडाचे वय आणि खरे वय यांत वर्षभराचा किंवा त्याहून अधिक फरक असू शकतो. शिवाय अशी तपासणी तालुक्याच्या प्रत्येक सामन्यासाठी शक्य नाही. म्हणून शाळेची सर्वसाधारण नोंदवही हाच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा राहतो. ती नोंदवही स्वच्छ असेल तर पुढील बहुतेक वाद उद्भवतच नाहीत.

लहान शाळा, मोठी शाळा

वय तंतोतंत जुळले तरी स्पर्धा समतोल होतेच असे नाही. शंभर मुलांतून अकरा निवडणारी शाळा आणि दोन हजारांतून निवडणारी शाळा एकाच मैदानात उतरतात. अमेरिकेत हायस्कूलच्या स्पर्धांसाठी शाळांची पटसंख्येनुसार वर्गवारी करण्याची पद्धत रूढ आहे. तेथे फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा खेळ निराळा असला, तरी प्रश्न हाच आहे. इलिनॉय राज्यात खासगी शाळा दूरदूरचे विद्यार्थी घेऊ शकतात, अशी तक्रार होती. त्यावर तोडगा म्हणून २००५ च्या सुमारास तेथे अशा शाळांच्या पटाला १.६५ ने गुणण्याचा नियम झाला. २०० मुलांची शाळा ३३० मुलांची समजून वरच्या वर्गात घालावयाची, असा त्याचा अर्थ. या नियमावर तेथेही वाद झाले आणि त्यात पुढे सवलती आल्या. परंतु विषमता मोजून नियमात आणता येते, हे त्यातून दिसते.

आपल्याकडील बाद पद्धतीचाही विचार व्हावयास हवा. सोळा संघांच्या स्पर्धेत या पद्धतीने पंधरा सामन्यांत निकाल लागतो आणि खर्च वाचतो. परंतु आठ संघांचा हंगाम पहिल्याच सामन्यात संपतो. एस.टी.ने पहाटे निघालेली खेड्यातील मुले एका चुकीच्या निर्णयाने दुपारी परततात. चार-चार संघांचे चार गट केले, तर अंतिम फेरीपर्यंत सत्तावीस सामने लागतात. मात्र प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात आणि एका सामन्यातील अन्याय भरून काढण्यास वाव राहतो. सामन्याची वेळ कमी करून व जवळच्या शाळांचे गट पाडून वाढीव खर्च बराच आटोक्यात ठेवता येईल.

मैदानाची बाजू

सरावाला जागा नसेल तर नियमांची समानता कागदावरच राहते. १०० मीटर लांब व ६४ मीटर रुंद फुटबॉल मैदानाला सुमारे ६३ गुंठे, म्हणजे दीड एकराहून अधिक जागा लागते. एवढी जागा प्रत्येक गावाला काढता येणार नाही. परंतु लहान मुलांसाठी मैदान, गोलचौकट व सामन्याची वेळ कमी करण्याची मुभा खेळाच्या नियमांतच आहे. पाच किंवा सात जणांचा सराव बराच लहान जागेत होतो. मराठवाड्याची काळी माती पावसात चिकटते व उन्हात भेगाळते. शालेय स्पर्धांचा हंगाम तर पावसाळ्यातच सुरू होतो. जागेला हलका उतार, कडेने चर आणि वर मुरुमाचा दाबलेला थर दिला, तर पाणी साचत नाही. मुरुमावर बारीक माती पसरली नाही, तर मात्र पडणाऱ्या मुलांचे गुडघे सोलवटतात. शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. गावठाणातील मोकळ्या जागेवर अतिक्रमण होण्यापूर्वी ती क्रीडांगण म्हणून राखणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

जबाबदारीची वाटणी

शिक्षकांनी प्रवेशअर्ज भरताना जन्माचा दाखला व नोंदवही प्रत्यक्ष ताडून पाहावी आणि शाळेत नियमित न येणाऱ्या मुलाचे नाव संघात घालू नये. आयोजकांनी स्पर्धेची सोडत सर्व शाळांच्या प्रतिनिधींसमक्ष काढावी. यजमान शाळेच्या सामन्याला त्याच शाळेचा पंच नसावा. लेखी हरकतीचा निर्णय कारणांसह द्यावा. पंचायत सदस्यांनी मैदानाबरोबर मुलींच्या प्रवासाची व सोबतीच्या शिक्षिकेची व्यवस्था पाहिली, तर घरची परवानगी न मिळाल्यामुळे मागे राहणाऱ्या मुलीही संघात दिसतील.

गावाचा संघ हरला तर गावाला वाईट वाटणारच. परंतु आपण खऱ्या वयाच्या, आपल्याच शाळेतील मुलांशी खेळलो, हे ठाऊक असलेला संघ पुढील वर्षी पुन्हा मैदानात उतरतो. फसविला गेलेला संघ बहुधा खेळच सोडतो. भूकंपानंतर नव्याने घरे उभारणाऱ्या किल्लारीला पायाचे महत्त्व सांगावयास नको. शालेय खेळाचा पाया म्हणजे शाळेच्या नोंदवहीतील एक खरी तारीख होय.