व्हिडिओ का अडखळतो?

चित्रपट, माहितीपट, घरच्या समारंभांची चित्रणे असे सगळे एका संगणकावर साठवायचे आणि घरातल्या कोणत्याही टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहायचे, अशी सोय आता पुष्कळांनी करून घेतली आहे. अशा संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात. प्रयोगांची चित्रणे साठवण्यासाठी शाळेतही तो उपयोगी पडतो. पण एक तक्रार हमखास ऐकू येते. एक फाईल सुरळीत चालते, दुसरी मात्र दर अर्ध्या मिनिटाला थबकते. संगणक तोच, टीव्हीही तोच! मग कोणीतरी अधिक ताकदीचा संगणक घेण्याचा सल्ला देतो. तो मानण्यापूर्वी संगणकावर नेमके कोणते काम येऊन पडते ते पाहू. त्यात बरेच पैसे वाचण्याची शक्यता आहे.

प्रथम थोडे गणित. आजच्या साध्या टीव्हीवरील एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला १२४ कोटी बिट होतात. तासाभराचे चित्रण ५६० गिगाबाइट जागा खाईल. प्रत्यक्षात ती फाईल ३ ते ४ गिगाबाइटची असते. म्हणजे माहिती सुमारे दीडशेपटीने आकसलेली असते. ही आकसण्याची रीत जगभर एकच नाही. एच.२६४ ही रीत २००३ साली प्रमाणित झाली, तिच्यापेक्षा साधारण निम्म्या जागेत तेच चित्र बसवणारी एचइव्हीसी २०१३ साली, आणि एव्ही१ ही २०१८ साली आली. जुन्या टीव्हीला नवी रीत कळत नाही. तेव्हा सर्व्हरला फाईल उलगडून, टीव्हीला समजेल अशा रीतीने पुन्हा आकसून पाठवावी लागते. हेच ट्रान्सकोडिंग. टीव्हीला मूळ रीत कळत असेल तर सर्व्हर फाईल जशीच्या तशी पाठवतो. ते काम अगदी हलके आहे. एक फाईल चालते आणि दुसरी अडते, याचे कारण बहुधा इथेच सापडते.

यात उलगडणे सोपे आहे, आकसणे अवघड. का ते पाहू. फळ्यासमोर शिक्षक बोलत आहेत असे चित्रण घ्या. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना फळा जागचा हलत नाही, शिक्षकांचा हात तेवढा थोडा सरकतो. मग प्रत्येक चित्र नव्याने कशाला लिहायचे? ‘मागच्या चित्रातील अमुक तुकडा इतका उजवीकडे, इतका वर सरकवा’ एवढे लिहिले की पुरे. उलगडणाऱ्याला फक्त सूचना पाळायची असते. आकसणाऱ्याला मात्र तो तुकडा कुठून आला हे शोधावे लागते.

हा शोध किती मोठा असतो? १६ × १६ बिंदूंचा एक तुकडा घेतला आणि मागच्या चित्रात तो चारही दिशांना १६ बिंदूंपर्यंत शोधायचा ठरवला, तर ३३ × ३३ म्हणजे १,०८९ जागा तपासाव्या लागतात. दर जागी २५६ वजाबाक्या. एका चित्रात असे ८,१६० तुकडे, सेकंदाला चित्रे २५. गुणाकार करून पाहा : दर सेकंदाला सुमारे ५,७०० कोटी वजाबाक्या! प्रत्यक्षात सगळ्या जागा तपासत नाहीत, शोध आवरता घेण्याच्या अनेक युक्त्या आहेत. तरी कामाचा अंदाज येतो. वर्गात आलेखाच्या कागदावर ४ × ४ चौकटींची एक नक्षी रंगवून, ती दुसऱ्या कागदावर थोडी सरकवून, विद्यार्थ्यांना ती शोधायला लावा. चारही दिशांना चार चौकटी शोधायच्या तर ८१ जागा आणि १,२९६ तुलना होतात. दहा मिनिटांत मुले स्वतःच युक्त्या सुचवू लागतील.

हे सगळे वेळेच्या बंधनात करायचे असते. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. त्यापेक्षा अधिक वेळ लागत राहिला की टीव्हीकडचा साठा संपतो आणि चित्र थबकते. तीन खोल्यांत तीन जण वेगवेगळे काही पाहत असतील तर दर चित्राला १३ मिलिसेकंदच मिळतात. ४के फाईल असेल तर उलगडायचे बिंदू चौपट.

मग उपाय काय? प्रोसेसरचा मुख्य भाग हा सर्व प्रकारचा स्वयंपाक येणाऱ्या आचाऱ्यासारखा असतो. इडल्याही करील, पण एकेक. याच कामासाठी बांधलेला वेगळा परिपथ म्हणजे इडलीपात्र. त्यात दुसरे काही होत नाही, पण इडल्यांचा घाणा एकदम निघतो, आणि इंधनही थोडेच लागते. इंटेलने २०११ सालापासून आपल्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांतील ग्राफिक्स विभागात असा परिपथ घालायला सुरुवात केली. त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०१२पासून आहे. एएमडीच्या ग्राफिक्ससह येणाऱ्या प्रोसेसरांतही असतो.

म्हणून खरेदी करताना कोअर किती, वेग किती, हे प्रश्न मागे ठेवावेत. हा परिपथ आहे का, आणि त्याला कोणत्या रीती येतात, हे आधी विचारावे. इंटेलच्या सातव्या पिढीपासून १० बिटांची एचइव्हीसी उलगडता आणि आकसता येते. कार्यालयांतून निघालेले आठव्या पिढीचे जुने संगणक त्यामुळे या कामाला उत्तम. २०२३ साली बाजारात आलेला एन१०० हा चार कोअरचा, अवघा ६ वॅट निर्धारित शक्तीचा प्रोसेसर एव्ही१ही उलगडतो. आकसणे त्याला जमत नाही, पण घरात त्याची गरजही क्वचितच पडते. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेले इंटेलचे प्रोसेसर मात्र टाळावेत. त्यांत ग्राफिक्स विभाग चालू नसतो, म्हणून इडलीपात्रही नाही. नवे ते चांगलेच असेही समजू नये : रास्पबेरी पाय ४मध्ये एच.२६४ आकसणारा परिपथ होता, २०२३ साली आलेल्या अधिक वेगवान पाय ५मध्ये तो काढून टाकला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्मृती ८ गिगाबाइट पुरते. हार्ड डिस्क सेकंदाला ८० कोटी बिट सहज वाचते आणि जड ४के फाईलही साधारणपणे १३ कोटींच्या आतच असते; दोष तिला देऊ नये. जेलीफिन या मोफत प्रणालीत परिपथाचा वापर आपण स्वतः चालू करावा लागतो, प्लेक्समध्ये त्यासाठी सशुल्क सदस्यत्व घ्यावे लागते. विजेचा हिशेब मात्र जरूर करावा. सर्व्हर वर्षभर चालू राहिला तर ८,७६० तास होतात. सरासरी ६० वॅट खाणारा संगणक ५२६ युनिट वीज घेईल, १० वॅटचा ८८ युनिट. आपल्या बिलातील दराने गुणून पाहावे.

काही वेळा टीव्हीला रीत कळत असूनही ट्रान्सकोडिंग सुरू होते. डीव्हीडी किंवा ब्लू-रेवरची उपशीर्षके अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या रूपात असतात. टीव्हीला ती दाखवता आली नाहीत, तर सर्व्हर ती प्रत्येक चित्रावर छापून देतो, म्हणजे सारे चित्रण पुन्हा आकसणे आले. उपशीर्षके बंद करताच अडखळणे थांबले, तर नव्या संगणकाऐवजी साध्या अक्षरी उपशीर्षकांची फाईल शोधावी.

शाळेची गोष्ट निराळी आहे. तिथे तेच चाळीस-पन्नास व्हिडिओ वर्षानुवर्षे दाखवले जातात. दर तासाला तेच पुन्हा पुन्हा आकसत बसणे व्यर्थ आहे. सगळ्या फाईली एकदाच, रात्रभर संगणक चालू ठेवून, एच.२६४मध्ये करून घ्याव्यात. ही रीत जवळजवळ प्रत्येक मोबाईलला आणि टीव्हीला कळते. रात्री ४० मिलिसेकंदांची घाई नसते, त्यामुळे इडलीपात्र नसलेला जुना संगणकही चालतो, आणि मुख्य प्रोसेसरने सावकाश शोध घेतला तर तेवढ्याच जागेत चित्र थोडे अधिक स्वच्छ येते. मग दिवसा सर्व्हरला फक्त फाईली पाठवायच्या असतात. तीस मोबाईल, प्रत्येकी ३० लाख बिट, म्हणजे सेकंदाला ९ कोटी बिट झाले. जुन्या संगणकाची १०० मेगाबिटची जोडणी १० कोटींवर संपते. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर ते १,००० मेगाबिटच्या नेटवर्क कार्डावर आणि बऱ्या वाय-फाय राउटरवर खर्चावेत.