गवताची कापणी फुलोऱ्यात करा

पावसाळा सरत आला की माळरानावरील व बांधावरील गवत पुरुषभर वाढून वाऱ्यावर डोलू लागते. त्या हिरव्या वैभवाकडे पाहून पुढील उन्हाळ्याची काळजी मिटली, असे शेतकऱ्यास वाटते. परंतु तेच गवत मार्गशीर्षात कापून घरी आणले म्हणजे वैरण म्हणून त्यात फारसा कस उरलेला नसतो. गंजी मोठी दिसते, पण बैल मात्र चैत्र-वैशाखात हाडे काढतात. याचे कारण कापणीच्या वेळेत आहे.

कापणी केव्हा करावी?

गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा त्याच्या पानांत व कोवळ्या काड्यांत प्रथिने पुरेशी असतात. बी धरू लागले की हे सत्त्व बियांत व मुळांकडे जाते, बी गळून पडते आणि मागे निबर काडी राहते. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही आपल्याकडील उत्तम गवते साधारणपणे भाद्रपदअखेर ते आश्विनात फुलतात. निम्मे गवत फुलोऱ्यात आले की विळा लावावा. कुसळीच्या बाबतीत तर विलंब मुळीच करू नये. तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात, मेंढ्यांच्या लोकरीत शिरून कातडीस इजा करतात.

‘या दिवसांत बाजरीची काढणी, रब्बीची पेरणी, गवतास माणसे कोठून आणावी?’ असा प्रश्न शेतकरी विचारतात व तो रास्त आहे. यावर उपाय म्हणजे सर्व कुरण एकाच वेळी न कापता टप्प्याटप्प्याने कापणे आणि शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या कामास जाणे. कापणी जमिनीपासून चार बोटे उंच करावी. बहुवर्षायू गवताचा अन्नसाठा बुडख्यात व मुळांत असतो; त्यावरच ते हिवाळा व उन्हाळा काढून पुढील पावसात फुटते. म्हणून कापणीनंतर लगेच गुरे सोडू नयेत. कुरणाचा चौथा हिस्सा दरवर्षी पाळीपाळीने बियांसाठी राखावा. मात्र कुसळीचा भाग राखू नये.

वाळवणी

हस्त व चित्रा नक्षत्रांतील परतीच्या पावसाची धास्ती असतेच. म्हणून आकाश निवळलेले पाहून दोन दिवसांत उचलता येईल एवढेच गवत कापावे. ते पातळ पसरून दुपारी एकदा उलटावे व सुकताच पेंढ्या बांधून उभ्या कराव्यात. फार दिवस उन्हात ठेवल्यास हिरवा रंग उडतो, त्याबरोबर जनावरांच्या शरीरात अ जीवनसत्त्व बनविणारे द्रव्यही नाहीसे होते. पाने चुरून पडतात ते निराळेच. ताज्या गवतात शेकडा 70 ते 75 भाग पाणी असते. गंजी रचताना ते 15 भागांवर नसावे. मूठभर गवत पिळल्यास काडी मोडावी व तळहातास ओल लागू नये, ही सोपी परीक्षा होय.

गंजी व आग

गंजी उंच, निचऱ्याच्या जागी, वस्तीपासून दूर रचावी. तळाशी दगड व फांद्या घालाव्यात, मध्यभाग उंच ठेवून वरून पेंढ्याने शाकारावे. पहिले काही दिवस आत हात घालून पाहावे. ऊब जाणवल्यास गंजी मोडून वारा द्यावा, नाही तर बुरशी लागते, आगीचाही धोका असतो. राखलेल्या कुरणाभोवती गवत वाळण्यापूर्वीच तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करावा. एका विडीच्या थोटकाने सबंध डोंगर जळून जातो.

किती साठवावे?

सुमारे 400 किलो वजनाच्या बैलास दिवसाला 10 किलो कोरडी वैरण लागते. निम्मी कडब्यातून भागली तरी उन्हाळ्याच्या 120 दिवसांसाठी दर बैलामागे 600 किलो वाळले गवत हवे. 1972 च्या दुष्काळात वैरणीअभावी जनावरे कवडीमोलाने विकली गेली. 2012-13 व 2018-19 मध्येही गुरे घेऊन छावण्यांत जाण्याची पाळी आली. एका गंजीने दुष्काळ टळत नाही, पण दावणीचे जनावर टिकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा गावातील एका कुरणाचे दोन भाग करावेत. एक फुलोऱ्यात कापावा, दुसरा नेहमीप्रमाणे उशिरा. उन्हाळ्यात दोन्ही गवते एकाच गव्हाणीत शेजारी शेजारी टाकावीत. गुरे कोणत्या बाजूस तोंड घालतात, ते शेतकरी बांधव स्वतः पाहतील. मग अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.